परसातल्या पक्ष्यांचे फोटो शार्प येत नाहीत? लेन्स विकायच्या आधी हे तपासा

हा प्रॉब्लेम दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळ्यांचा सारखाच आहे आणि तो परत परत येतो. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर दयाळ एकदम झकास दिसतो, माणूस खूश होतो, मग फोटो लॅपटॉपवर टाकून मोठा केला की डोळ्यात चमक नाही, छातीवरची पिसं एकमेकांत मिसळलेली आणि शेपटी कुठे संपते ते कळतच नाही. असं दोन-चार वेळा झालं की लोक लेन्सला दोष देतात, जुनी विकतात, नवीन घेतात, आणि नवीन लेन्सने पण त्याच परसात त्याच फणसाखाली तसाच फोटो येतो.

आमच्या वाडीतल्या एका काकांनी मला हेच विचारलं, ‘बाळा, पैसे जमवलेत, ती दीडशे-सहाशे एमएमवाली मोठी लेन्स घेऊन टाकू काय रे?’ मी म्हटलं, ‘काका घ्या, पण आधी तुमच्या फोटोची माहिती उघडा, शटर किती आलंय ते बघू.’ शटर, म्हणजे फोटो काढताना कॅमेऱ्याचा पडदा जेवढा वेळ उघडा राहतो तो वेळ, आलं होतं १/८० सेकंद. तीनशे एमएमची लेन्स, हातात धरलेली, समोर शेपटी उडवणारा दयाळ, आणि शटर १/८०! यात लेन्सचा काही दोष नाही, जगातली सगळ्यात महाग लेन्स लावली असती तरी हाच फोटो आला असता.

माझं ठाम मत आहे की कोकणातल्या परसात फोटो बिघडायचं पहिलं कारण काळोख आहे, बाकी सगळं नंतर. आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही कारण डोळे लगेच सरावतात. पण वर माड, त्याच्याखाली पोफळी, मध्ये फणस-आंबा, खाली केळी आणि कर्दळ, अशा आगरात जमिनीपर्यंत पोचणारा उजेड फारच थोडा असतो. त्यात कोकणातली कितीतरी घरं डोंगराच्या पायथ्याशी, डोंगर पूर्वेला, म्हणजे सूर्य उगवून तास-दीड तास झाला तरी परसात ऊन नाही, आणि पक्षी तर त्याच वेळात सगळ्यात जास्त हालचाल करतात.

थोडा हिशोब करून बघा म्हणजे पटेल. स्वच्छ उन्हात आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती दाद देतो तो आकडा) १०० आणि ॲपर्चर (लेन्सचं भोक, आकडा लहान तेवढं ते मोठं) एफ/१६ ठेवलं तर शटर साधारण १/१०० येतं, हा जुना फिल्मच्या काळापासूनचा नियम आहे. आपल्या झूम लेन्स पूर्ण लांबीला एफ/६.३ किंवा एफ/५.६ ला असतात, तर एफ/६.३ ला तेच शटर साधारण १/६४० होतं. चांगलं आहे. आता फणसाखाली या. उजेड सहा स्टॉपनी कमी धरा, दाट सावलीत तेवढा सहज होतो. एक स्टॉप म्हणजे निम्मा, म्हणून सहा स्टॉप म्हणजे ६४ पट कमी. १/६४० चं झालं १/१०. म्हणजे तिथे परत १/६४० पाहिजे असेल तर आयएसओ ६४ पट वाढवायला लागणार, १०० चा ६४००. आणि बहुतेकांनी आयएसओला ८०० किंवा १६०० ची मर्यादा घालून ठेवलेली असते कारण कोणीतरी सांगितलेलं असतं की आयएसओ वाढवला की फोटो खराब होतो. मग कॅमेरा बिचारा काय करणार, तो शटर खाली आणतो, आणि फोटो हलतो.

म्हणून सगळ्यात पहिलं काम, बिघडलेला फोटो उघडा आणि शटर स्पीड वाचा. कॅमेऱ्यातच इन्फो किंवा डिस्प्लेचं बटण दाबून दिसतो, लॅपटॉपवर प्रॉपर्टीज मध्ये दिसतो. हा फोटो कॅमेऱ्यातनं सरळ घेतलेला पाहिजे, व्हॉट्सॲपवरनं फिरून आलेला नको, कारण व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि त्यातली माहिती पण काढून टाकते. कोणाला दाखवायला पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. काही जणांचा तर सगळा प्रॉब्लेम एवढाच असतो की मूळ फोटो चांगला असतो आणि ते व्हॉट्सॲपवर आलेली कॉपी बघून नाराज होत असतात.

मग फोटो शंभर टक्क्यांवर मोठा करा, आणि नुसता पक्षी न बघता सगळी फ्रेम नीट फिरून बघा. इथे खरं निदान होतं. सगळंच हललेलं असेल, म्हणजे पक्षी, फांदी, मागची पानं सगळ्यांना एकाच दिशेने दुहेरी कड आली असेल, तर तुमचा हात हललाय. फांदी अगदी स्वच्छ पण पक्षी पुसट, तर पक्षी हललाय. पक्षी पुसट आणि त्याच्या पुढचं किंवा मागचं पान मात्र कडक शार्प, तर फोकस चुकलाय. आणि कुठेच काही शार्प नाही, सगळ्यावर दुधाळ पडदा, काळा रंग काळा न दिसता राखाडी दिसतोय, तर काचेवर काहीतरी आहे, त्याच्याकडे नंतर येऊ.

पक्षी हलण्याचं उत्तम उदाहरण म्हणजे रानपरीट. थंडीत पोफळीच्या बागांत येतो, खाली पडलेल्या पाल्यातनं चालत किडे टिपतो, आणि बाकीचे परीट शेपटी वर-खाली हलवतात तसं न करता हा मागचा सगळा भाग डावी-उजवीकडे डोलवतो. त्याचा फोटो १/२०० ला काढा, डोकं आणि छातीवरचे काळे पट्टे बऱ्यापैकी स्वच्छ येतात आणि कमरेपासून मागे सगळं विरघळलेलं. असा अर्धा चांगला अर्धा वाईट फोटो दिसला की डोळे मिटून समजायचं, शटर कमी पडलंय. लेन्स खराब असती तर तिने डोकं सोडून फक्त शेपटीच कशाला बिघडवली असती?

इथे स्टॅबिलायझरबद्दल सांगितलंच पाहिजे कारण गैरसमज फार आहे. निकॉनचं व्हीआर, कॅननचं आयएस, टॅमरॉनचं व्हीसी, सिग्माचं ओएस, नावं वेगवेगळी पण काम एकच, तुमच्या हाताची थरथर कमी करणं. पक्ष्याची हालचाल ते थांबवू शकत नाही. ट्रायपॉडचं पण तेच. त्यामुळे ‘माझ्याकडे व्हीआर आहे, मी १/६० ला पण काढू शकतो’ हे गडग्यावरच्या (दगडी कुंपणावरच्या) दगडाच्या बाबतीत खरं आहे, शिंजिराच्या बाबतीत नाही.

मग शटर किती ठेवायचं? हाताच्या थरथरीसाठी जुना अंदाज असा की लेन्सच्या लांबीएवढा, आणि क्रॉप सेन्सर (जुन्या फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) असेल तर त्याच्या दीडपट, म्हणजे ३०० एमएमला साधारण १/४५०, धरा १/५००. पण पक्ष्यासाठी वेगळा विचार. विहिरीच्या काठावर तंद्री लावून बसलेला खंड्या किंवा वंचक असेल तर १/२५० ला पण काम होतं. बुलबुल, दयाळ, सातभाई, टकाचोर यांना १/८०० च्या आसपास. नाचण आणि शिंपी एका जागी टिकतच नाहीत, त्यांना १/१२५० च्या खाली जाऊ नका. जास्वंदीसमोर फडफडणाऱ्या शिंजिराचे पंख थांबवायचे असतील तर १/२००० किंवा वर, आणि तेवढं फक्त उन्हातच मिळेल, सावलीत हट्ट करू नका.

सेटिंग असं लावा. मोड एम (म्हणजे मॅन्युअल), ॲपर्चर लेन्सचं असेल तेवढं उघडं, शटर वर सांगितलं तसं, आणि आयएसओ ऑटो, त्याची वरची मर्यादा ६४०० (कॅमेऱ्याची बॉडी नवीन असेल तर १२८०० पण चालेल). काही स्वस्त बॉडींमध्ये एम मोडला एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करायचं प्लस-मायनस) मिळत नाही, तिथे निकॉनचा एस किंवा कॅननचा टीव्ही मोड वापरा, दोन्हींत शटर तुम्हीच ठरवता, आणि आयएसओ ऑटोच ठेवा. कॉम्पेन्सेशन लागतंच, कारण माडाच्या झावळीवर बसलेला कोतवाल, मागे पांढरं आभाळ, अशा वेळी कॅमेरा आभाळ बघून फोटो काळा करतो आणि कोतवालाची नुसती सावली येते. तिथे प्लस एक ते प्लस दीड द्या. उलट काळ्याशार आगरात एकटा पांढरा बगळा उन्हात उभा असेल तर मायनस एक, नाहीतर त्याची पिसं जळून जातात.

आयएसओ वाढला की दाणे दिसणार हे खरं आहे, पण दाण्यांवर इलाज आहे. लाइटरूममध्ये किंवा दुसऱ्या कुठल्याही चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये डिनॉइज मारलं की आयएसओ ६४०० चा फोटो व्यवस्थित साफ होतो, विशेषतः रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) असेल तर. हललेल्या फोटोवर तसा भरवशाचा इलाज नाही. एक लक्षात ठेवा, आयएसओ कमी ठेवून काळा फोटो काढायचा आणि मग लॅपटॉपवर उजळायचा हा उद्योग करू नका, त्यात दाणे आणखी जास्त येतात, आणि नेमके सावलीच्या भागात येतात.

ज्यांच्याकडे निकॉनचे पी९०० किंवा पी१००० सारखे मोठ्या झूमचे कॅमेरे आहेत त्यांच्यासाठी गणित थोडं वेगळं. त्यांचा सेन्सर नखाएवढा असतो, त्यामुळे आयएसओ ८०० च्या पुढे फोटो पटकन खराब होतो, आणि पी१००० पूर्ण झूमला एफ/८ वर जातो, म्हणजे उजेड आणखी कमी. सावलीत पूर्ण झूम करायचा मोह टाळा, निम्म्यावर थांबा, स्वतः चार पावलं पुढे जा. पी१००० मध्ये रॉ मिळतं, पी९०० मध्ये नाही, हे पण माहीत असू द्या. मोबाइलवाल्यांनी तर सरळ उन्हातच काढावेत, सावलीत झूम केलेला मोबाइलचा फोटो म्हणजे सॉफ्टवेअरने रंगवलेली पिसं असतात.

शटर कमीच मिळत असेल, पाऊस आहे, पक्षी महत्त्वाचा आहे, नवरंग परसात उतरलाय, आणि १/१६० च्या वर काही जातच नाही, तरी काढाच, पण बर्स्टवर (बटण दाबून धरलं की एकामागून एक फोटो निघतात तसे) काढा. पक्षी सतत हलत नसतो. दयाळ बघा, उडी मारतो, शेपटी ताडकन वर करतो, आणि मग जमिनीकडे डोकं वाकडं करून क्षणभर अगदी पुतळा होतो कारण त्याला किडा दिसलेला असतो. शेपटी वर गेली की बटण दाबून ठेवायचं, पुढच्या सात-आठ फ्रेममधली एखादी त्या थांब्यातली येते. दयाळाला हे जमवायलाच लागतं, तो सकाळी लवकर आणि संध्याकाळी दिवे लागले तरी जमिनीवर उड्या मारत असतो, म्हणजे उजेड सगळ्यात कमी असतानाच. नवरंगाचं पण तसंच, मेच्या शेवटाला-जूनमध्ये येतो तो आभाळ भरून आलेलं असतानाच, आणि उतरतो सगळ्यात काळोख्या कोपऱ्यात, पाल्यावर.

आता फोकस. आगरात पक्षी कधीच मोकळा मिळत नाही, पुढे एखादं तरी पान असतंच. कॅमेऱ्याला सगळे फोकस पॉइंट वापरायची मुभा दिली की तो जवळची आणि जास्त ठळक गोष्ट पकडतो, आणि ती बहुतेक वेळा केळीच्या पानाची कड असते. एकच पॉइंट निवडा, मधला, आणि तो डोळ्यावर किंवा निदान मानेवर ठेवा. एएफ-सी किंवा सर्व्हो (सतत फोकस करत राहणारा मोड) लावा म्हणजे पक्षी पुढे-मागे सरकला तरी फोकस बरोबर जातो. नवीन मिररलेसमध्ये (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांमध्ये) पक्ष्याचा डोळा ओळखायची सोय असते, ती छान चालते, पण दाट पाल्यात ती पण फसते, तेव्हा परत एक पॉइंट.

आणि एक गोष्ट जी परसातच घडते, जंगलात सहसा घडत नाही, ती म्हणजे पक्षी फार जवळ येतो. पडवीच्या कठड्यावर शिंजीर आला, तुम्ही दोन हातांवर बसलाय, लेन्स नुसती घरघर करते आणि फोकस होतच नाही. लेन्स बिघडलेली नाही, प्रत्येक लेन्सला एक कमीत कमी अंतर असतं, सिग्माच्या १५०-६०० कंटेम्पररीला ते २.८ मीटर आहे, टॅमरॉनच्या १५०-६०० जी२ ला २.२ मीटर, आणि कॅननच्या साध्या ५५-२५० एसटीएमला ०.८५ मीटर. म्हणजे घराच्या मागच्या दारातनं जास्वंदीवरचा शिंजीर काढायला काकांकडची जुनी लहान लेन्स कधीकधी त्या मोठ्या लेन्सपेक्षा सोयीची पडते. मोठ्या लेन्सवर फोकस लिमिटरचं बटण असतं ते पण बघा, चुकून लांबच्या अंतरावर सरकलेलं असेल तर जवळचं काहीच पकडणार नाही.

खिडकीतनं काढत असाल तर काच उघडा. मच्छरांची जाळी तर बाजूला कराच, जाळीतनं काढलेला फोटो कधीच शार्प येत नाही, डोळ्यांना जाळी दिसेनाशी होते पण लेन्सला नाही. लेन्सवर यूव्ही फिल्टर (पुढे लावायची जादा काच) असेल तर तो काढून एक फोटो काढून बघा. लांब झूमला स्वस्त फिल्टर हमखास फोटो बिघडवतो.

एवढं करून पण दुधाळ पडदा राहिला तर मग आपल्या कोकणच्या हवेचं बघायला लागेल, आणि हे घाटावरच्या लोकांना नीट कळत नाही. दोन गोष्टी आहेत. एक लगेच जाणारी, एक मुळात होऊच द्यायची नाही अशी.

लगेच जाणारी म्हणजे वाफ. रात्री एसी लावून झोपलात, कॅमेरा त्याच खोलीत, सकाळी हळद्याचा आवाज आला म्हणून तसाच उचलून परसात धावलात, तर बाहेरच्या दमट हवेतलं पाणी थंड काचेवर जमतं. पुढची काच दिसते म्हणून आपण ती शर्टाने पुसतो, पण मागच्या काचेवर, आतल्या भागांवर पण कधीकधी जमतं आणि ते दिसत नाही. पुसून उपयोग नाही, परत जमतं, आणि शर्टाने कोटिंगवर ओरखडे पडतात ते वेगळेच. कॅमेरा एसीच्या खोलीत ठेवूच नका, माजघरात ठेवा. ठेवायचाच झाला तर झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत घट्ट बंद करून बाहेर आणा, पाऊण तास तशीच राहू द्या, मग वाफ पिशवीवर जमते, काचेवर नाही. आणि अशा वेळी लेन्स बदलू नका, नाहीतर ती वाफ सेन्सरवर जाते.

दुसरी गोष्ट बुरशी. ही खरी वैरीण. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतला दमटपणा कितीतरी दिवस ८५-९० टक्क्यांच्या खाली येत नाही, आणि बुरशीला ६५-७० च्या वर गेलं की रुजायला पुरतं. तिचे बीजाणू हवेत सगळीकडे असतातच, त्यामुळे ‘माझी लेन्स स्वच्छ आहे’ याला अर्थ नाही, ओल मिळाली की ती येणार. तपासायचं असं: लेन्स कॅमेऱ्यातनं काढा, अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च एका बाजूने तिरका मारा आणि दुसऱ्या बाजूने आत बघा. धूळ असेल तर सुटे ठिपके दिसतात, त्याची काळजी नको, फोटोत काही फरक पडत नाही. पण कडेपासून आत येणारे बारीक, फांद्या फुटलेले पांढरट धागे दिसले तर ती बुरशी. सुरुवातीला शार्पपणा जात नाही, आधी काळा-पांढरा फरक कमी होतो, उन्हाकडे तोंड करून काढलं की सगळीकडे धुकं पसरतं. ती लवकर सापडली तर चांगला कारागीर लेन्स उघडून साफ करतो, पण फार दिवस राहिली तर काचेवरचं कोटिंगच खाते, मग साफ केल्यावर पण डाग राहतो.

म्हणून मिरगाच्या आधीच तयारी करा. कॅमेऱ्याच्या कापडी बॅगेत लेन्स ठेवणं पावसाळ्यात बंद, ती बॅग ओल धरून ठेवते. रबरी कडा असलेला हवाबंद डबा घ्या, धान्याचा मोठा प्लॅस्टिकचा पण चालतो, त्यात सिलिका जेलच्या पिशव्या आणि दमटपणा मोजायचा छोटा डिजिटल मीटर टाका. मीटर ४० ते ५० च्या मध्ये राहिला पाहिजे. फार खाली पण नेऊ नका, रबर आणि आतलं वंगण सुकतं. केशरी जेल हिरवं झालं की भरलं, मग ते जुन्या पॅनमध्ये मंद आचेवर परत केशरी होईपर्यंत गरम करा. निळं जेल असेल तर त्यात कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यात अजिबात नको. बजेट असेल तर ड्राय कॅबिनेट (आतला दमटपणा कमी ठेवणारं विजेवरचं कपाट) घ्या, पण लाइट दोन-दोन दिवस जाते तिथे डबाच जास्त भरवशाचा वाटतो मला. डब्यात तांदूळ घालू नका, त्याची भुकटी लेन्समध्ये जाते. डांबराच्या गोळ्या पण नकोत, त्यांची वाफ काचेवर बसते. काहीजण उबेला म्हणून चुलीच्या वरच्या माळ्यावर बॅग ठेवतात, तिथे काजळी. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे उघडीप मिळाली की कॅमेरा बाहेर काढून वापरा, महिनोन् महिने बंद पडलेल्या लेन्सलाच बुरशी जास्त धरते.

समुद्राच्या अगदी कडेला घर असेल तर संध्याकाळच्या वाऱ्याने पुढच्या काचेवर खारट थर बसतो, नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. आधी ब्लोअरने हवा मारायची, मग लेन्सचं लिक्विड कापडाला लावून पुसायचं, कोरडं घासायचं नाही.

दुपारी तापलेल्या जांभ्याच्या गडग्यावरनं किंवा पत्र्यावरनं लांबचा पक्षी काढला तर गरम हवेने पण फोटो लहरतो, त्याला कुठलंच सेटिंग नाही, सकाळी काढा.

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट, आणि याला एक पैसा लागत नाही. पक्ष्याच्या मागे काळोखात धावण्यापेक्षा पक्षी उजेडात येईल असं करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एखाद्या सकाळी परसात नुसते बसून बघा, पहिलं ऊन कुठे पडतं, कुठल्या वेळी, आणि किती वेळ टिकतं. माडांच्या मधनं एखादा उन्हाचा पट्टा हमखास खाली उतरतो. त्या पट्ट्यात रातांब्याची एक वाळकी फांदी रोवा, शेजारी मातीचं पसरट परळ पाण्याने भरून ठेवा, पाणी दोन इंचापेक्षा खोल नको, आणि रोज बदला, नाहीतर डास होतात. विहिरीजवळ जुनी दगडी डोण असेल तर तीच वापरा, पक्ष्यांना ती आधीच माहीत असते. मांजर दबा धरून बसेल अशी जागा शेजारी नको. फांदीच्या मागे पंधरा-वीस फुटांवर गडगा किंवा सावलीतली झाडी येईल अशा बेताने बसा, म्हणजे मागचं सगळं एकसारखं गडद येतं आणि पक्षी उठून दिसतो. तुम्ही पडवीत, ऊन पाठीमागून, आणि हालचाल कमी. पहिले काही दिवस फक्त बुलबुल येतील, मग दयाळ, तांबट, सातभाईंची टोळी, आणि पोफळीत असेल तर कस्तुर पण पाण्याला उतरतो. पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी १९३० साली अलिबागजवळ किहीमला राहून घराजवळच्या सुगरणींच्या घरट्यांचा जो अभ्यास केला तो असाच एका जागी चिकाटीने बसून केला. एका जागेची सवय तुम्हाला होते तशी तुमची पक्ष्यांना पण होते, आणि अंतर कमी झालं की निम्मे प्रॉब्लेम तिथेच संपतात. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत पक्षी कोपऱ्यात टिचभर असेल आणि तुम्ही तेवढाच कापून मोठा केला तर हातात एखाद-दोन मेगापिक्सेल राहतात, त्यात पिसं कुठनं दिसणार?

फक्त घरट्यापाशी हे काही करू नका. शिंजीर पडवीतल्या वायरीला कोळ्याच्या जाळ्याने घरटं लटकवतो, ते अगदी हाताशी असतं म्हणून लोक वाकून, पानं बाजूला करून फोटो काढतात. आई-बाप घाबरून घरटं सोडून देतात, नाहीतर कावळ्याला जागा कळते. त्या दिवसांत तिकडनं ये-जा करायची तेवढी करा, कॅमेरा आत ठेवा.

आणि तरीही शंका राहिलीच, तर लेन्सची सरळ परीक्षा घ्या. शेंडीवाला नारळ घ्या, उन्हात गडग्यावर ठेवा, कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा घट्ट पाटावर, स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदांचा टायमर, फोकस शेंडीच्या काथ्यावर. एक फोटो व्ह्यूफाइंडरमधनं फोकस करून काढा, एक लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून. काथ्याचा एकेक धागा दोन्हींत सुटा दिसला तर लेन्स ठणठणीत आहे, परत वर जाऊन शटर बघा. लाइव्ह व्ह्यूचा फोटो चांगला आणि व्ह्यूफाइंडरचा पुसट आला तर डीएसएलआरचा (आरसा असलेल्या कॅमेऱ्याचा) फोकस पुढे-मागे होतोय, तुमच्या बॉडीत एएफ फाइन ट्यून (फोकस थोडा पुढे-मागे सरकवायचं सेटिंग) असेल तर घरीच नीट होईल, निकॉन डी३५०० किंवा कॅनन १५००डी सारख्या बॉडीत ती सोय नाही, तिथे सर्व्हिस सेंटर, आणि जाताना लेन्स आणि बॉडी दोन्ही न्या. मग नारळ फ्रेमच्या डाव्या कडेला घेऊन एक आणि उजव्या कडेला घेऊन एक असे फोटो काढा, दर वेळी फोकस पॉइंट नारळावर सरकवून. एकात धागे स्वच्छ आणि दुसऱ्यात कितीही वेळा काढला तरी लेप बसलेला, तर आतली एखादी काच जागेवरनं हललीय, ते घरी होणारं काम नाही. हे फोटो मूळ फाइलमध्येच पेनड्राइव्हवर घेऊन जा, आणि दुरुस्ती झाली की तिथल्या तिथे परत काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.